दोन तासांची प्रकट मुलाखत घ्यायचीय, "तुमची प्रेरणा कोण" सोडून काय विचारू?

पडवीतला

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातलं आमचं गाव, नाव सांगत नाही. वाचनालयाचा कार्यक्रम असतो दरवर्षी मे महिन्यात, चाकरमानी आलेले असतात, देवळाच्या सभामंडपात खुर्च्या मांडतो, पंखे खडखडतात पण माणसं येतात. यंदा आमच्याच गावचे एक काका येतायत, गोव्याला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आयुष्य काढलेला माणूस, आता ऐंशीच्या घरात. संस्थेची 'गवेषणी' नावाची बोट होती तिच्यावर महिनोन्महिने असायचे. १९८१ च्या जानेवारीत समुद्राच्या तळावरून ते मँगनीजचे गोटे आपल्या लोकांनी पहिल्यांदा वर काढले, त्या काळातले. मुलाखत कोण घेणार तर मी, कारण मीटिंगला मी उशिरा पोचलो.

गेल्या वर्षीचं सांगतो म्हणजे माझी भीती कळेल. पाहुणे नामांकित होते (नाव नको), मुलाखत घेणाऱ्याने स्वतःच पंचवीस मिनिटं प्रास्ताविक केलं, मग पहिला प्रश्न "आपल्या यशाचं रहस्य काय" आणि दुसरा "आजच्या तरुणांना काय संदेश द्याल". पाहुण्यांनी पण मग तयार कॅसेट लावली, कष्ट, आईवडिलांचे आशीर्वाद, जिद्द. पाऊण तासात मागच्या दोन रांगा उठून फणस फोडायला गेल्या, खोटं नाही सांगत, गरे खाल्ल्याचा वास पुढपर्यंत येत होता.

मी कलमांना पाणी घालताना कानात ते तीन तीन तासांचे पॉडकास्ट ऐकतो, शास्त्रज्ञ, उद्योजक, न्यायाधीश, खेळाडू सगळे. काही मुलाखती संपूच नयेत असं वाटतं आणि काहींत दहा मिनिटांत जांभया येतात, माणूस तेवढाच मोठा असून. फरक नेमका कशात आहे ते मला कळत नाहीये. प्रश्न किती काढू, आधी पाठवू का त्यांना, आणि कुठल्या जुन्या मुलाखती ऐकू? तीन आठवडे आहेत हातात.

---

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून लिहितोय. आमच्याकडच्या कार्यक्रमांत अशा बारा-तेरा मुलाखती घेतल्यात, त्यातल्या पाच बऱ्या झाल्या, बाकीच्या विसरा.

पहिलं म्हणजे तुमचे काका पण कॅसेट लावणार हे धरून चाला, त्यात त्यांचा दोष नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाने स्वतःची गोष्ट शंभर वेळा सांगितलेली असते, ती घासून गुळगुळीत झालेली असते, तुम्ही "प्रवास कसा होता" विचारलंत की तीच बाहेर येणार. त्यांना गोष्ट विचारू नका, वस्तू विचारा. हातात काय होतं, दोर कसला होता, पाणी चार किलोमीटरपेक्षा खोल आहे म्हणजे खाली सोडलेलं यंत्र तळाला टेकलं हे वर उभ्या माणसाला कळायचं कसं? तेव्हा जीपीएस काही लोकांच्या हातात नव्हतं, मग भर समुद्रात काल गोटा मिळाला तीच जागा आज परत सापडायची कशी? पहिला गोटा डेकवर आला तेव्हा तो कोणी उचलला, वास होता का त्याला? असल्या प्रश्नांना तयार उत्तर कोणाकडेच नसतं, माणूस थांबतो, आठवतो, आणि तो आठवायला लागला ना की सभामंडप गप्प होतो.

मग त्यातूनच मोठा विषय येतो आपोआप. हे बटाट्याएवढे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात, त्यांत निकेल, तांबं, कोबाल्ट आहे म्हणून सगळ्या जगाचा डोळा आहे त्यांच्यावर. भारताला १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातलं क्षेत्र मिळालं, ते पुढे ७५,००० चौरस किलोमीटर राहिलं. आता थेट विचारायचं, काका, तुम्ही शोधलंत ते खणून काढावं असं तुम्हाला आज वाटतं का? हा खरा प्रश्न. पण हा पहिल्या दहा मिनिटांत विचारलात तर सरकारी उत्तर मिळेल. तासाभराने विचारा.

प्रश्न आधी पाठवू नका, विषय सांगा फक्त. आदल्या दिवशी घरी जाऊन चहा घ्या, आंब्याचं बोला, कोण वारलं कोणाचं लग्न झालं ते बोला, पण बोटीचा विषय काढू नका!! मी ही चूक केलीय. आदल्या रात्री ओटीवर त्या गृहस्थांनी असं काही सांगितलं की अंगावर काटा आला, आणि दुसऱ्या दिवशी स्टेजवर तोच प्रश्न विचारला तर म्हणाले "ते काल आपलं बोलणं झालंच आहे". संपलं.

आणि गप्प बसायला शिका. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच मोजा. लोकांना वाटतं मुलाखतकार अडकला, वाटू दे. त्या पाच सेकंदांत माणूस "म्हणजे खरं सांगायचं तर" म्हणून पुढचं बोलतो आणि ते पुढचंच ऐकण्यासारखं असतं. मध्ये वा वा, अगदी अगदी, क्या बात है काही नको.

रेकॉर्डिंग करा आणि दोन वेगवेगळ्या गावांत ठेवा. माझ्याकडे वीस वर्षांच्या कॅसेट होत्या, २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी छातीपर्यंत आलं, एक उरली नाही. त्यातल्या चार जणांना आता परत विचारता पण येणार नाही.

---

गजालीक_इलंय

माका विचारशात तर मुलाखत म्हणूचाच नको, गजाली म्हणा. गजालीक बसल्यावर कोण कोणाक "तुमचा प्रेरणास्थान खयचा" असा विचारता काय?

आधी लायटीचा बघा. मे म्हयन्यात सांजचे लाईट जातलीच, जनरेटर आणशात तर देवळाच्या मागे लांब ठेवा. माईक कॉलरचो घ्या, हातातलो दिलास तर म्हातारो माणूस पाच मिनिटान तो मांडयेर ठेवता आणि मगे ओठ हलताना दिसतत फक्त. आणि सत्कार, शाल-श्रीफळ, आभार सगळा शेवटाक ठेवा. सुरवातीक ठेवलास काय सरपंचांचा भाषण सुरू.

---

परळचा_चाकरमानी

ऐकायचं काय ते मी सांगतो, लोकल ट्रेनमध्ये पंधरा वर्षं हेच केलंय.

बाबासाहेबांची बीबीसीची १९५५ ची मुलाखत ऐकलीय का? मूळ गाव आंबडवे, आपल्या मंडणगड तालुक्यातलं, म्हणून पण ऐका. गांधीजींवर बोलतात त्यात, मी त्यांना महात्मा म्हणत नाही हे सरळ सांगतात. त्यात मुलाखतकाराकडे लक्ष द्या. तो वाद घालत नाही, मान हलवत नाही, छोटा प्रश्न टाकून बाजूला होतो. समोरच्याचं मत इतकं टोकदार असताना मध्ये न पडणं सोपं नाही हो, आपल्याकडचा अँकर असता तर तीनदा अडवलं असतं.

दुसरी ब्रिटिश टीव्ही मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्टची, १९७७, समोर अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन. एकूण साधारण २९ तास रेकॉर्डिंग झालं त्यांचं, टीव्हीवर दिसलं ते त्यातलं थोडं. सुरुवातीला निक्सन लांबलचक बोलून वेळ खातो, फ्रॉस्ट हरतोय असंच वाटतं. मग ज्या वॉटरगेट घोटाळ्यात निक्सनचं पद गेलं त्यावर बोलायच्या दिवशी फ्रॉस्ट तोपर्यंत बाहेर न आलेल्या टेपमधली वाक्यं काढतो. तयारी म्हणजे ती. आणि राष्ट्राध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदेशीर नसतं हे निक्सनचं वाक्य कुठल्याही आरडाओरड्यातून नाही आलं, साध्या प्रश्नावर आलं. तुमचे काका काही निक्सन नाहीत म्हणा.

आपल्याकडची घ्यायची तर राज ठाकरेंनी शरद पवारांची घेतलेली, २१ फेब्रुवारी २०१८, पुण्यात. राजकारण बाजूला ठेवून बघा. शेवटी झटपट प्रश्नांत राज विचारतो उद्धव की राज, आणि पवार म्हणतात ठाकरे कुटुंबीय. अख्खं मैदान हसतं. पण माझं मत सांगू का, तो झटपट प्रकार तुम्ही करू नका. टाळी मिळते, माहिती शून्य. समोसा की वडापाव विचारायला समुद्रावरच्या माणसाला कशाला बोलवायचं.

---

सुकी_मच्छी

सगळं ठीक आहे पण एक विचारू का, मोठा माणूस म्हणजे नेहमी बाहेर जाऊन पेन्शन घेऊन आलेलाच का? पडवीतले भाऊ, तुमच्या गावात खारवीवाडा असणारच. तिथला एखादा जुना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बसवा की काकांच्या बाजूला. एक समुद्राखालचं बघून आलाय, एक समुद्रावरचं रोज बघतोय. आमच्या घरात चार पिढ्या होडी आहे, एक वर्ष तारली ढिगाने येते आणि पुढच्या वर्षी तोंड दाखवत नाही, यावर आमचे आजे जे बोलायचे ते कोणी कधी लिहून घेतलं नाही कारण त्यांच्या नावापुढे डॉक्टर नव्हतं.

दोन वेगळ्या जगांतली माणसं समोरासमोर बसवली की काय होतं ते बघा, आइन्स्टाइन आणि टागोर १४ जुलै १९३० ला बर्लिनजवळ कापुथला बसले होते. एक म्हणतो माणूस असो नसो, सत्य आहेच, दुसरा म्हणतो माणसाच्या मनाशिवाय सत्य कसलं. कोणी कोणाला पटवलं नाही. तरी अजून लोक वाचतात ते.

---

वाशिष्ठीकाठ

ताई, मुद्दा पटतो पण मी हे केलंय आणि तोंडघशी पडलोय. स्टेजवर दोघांना बसवलं की आपोआप एक शास्त्रज्ञ होतो आणि दुसरा शोभेचा मच्छीमार. लोक टोपी बघून टाळ्या वाजवतात, मग अर्धा तास त्याला कोणी काही विचारत नाही. कृष्णमूर्ती आणि डेव्हिड बोहम, एक तत्त्वज्ञ आणि एक भौतिकशास्त्रज्ञ, त्यांचे १९८० चे संवाद इतके खोल गेले कारण ते १९६१ पासून एकमेकांना ओळखत होते. पहिली ओळख स्टेजवर झाली तर दोघंही सभ्यपणे बोलतात, आणि सभ्य बोलणं ऐकायला कोण येतं? तांडेलाला बोलवायचंच तर त्याला स्वतंत्र दोन तास द्या, पुढच्या वर्षी.

---

सुकी_मच्छी

पुढच्या वर्षी. हे पण आम्ही चार पिढ्या ऐकतोय.

---

पडवीतला

भांडू नका हो 😄 वाडीत एक तांडेल आजोबा आहेत, आणि गंमत म्हणजे ते आणि काका चौथीपर्यंत एका बाकावर होते. विचारून बघतो.

---

पडवीतला

मंडळी, कार्यक्रम झाला काल. झोप लागायच्या आत लिहून टाकतो.

तांडेल आजोबा स्टेजवर यायला तयार झाले नाहीत, "माझी काय मुलाखत" म्हणून पहिल्या रांगेत बसले. बरंच झालं. सत्कार शेवटाला ठेवला म्हणून दोन जण रुसलेत, ते बघू. वहीत एकवीस प्रश्न होते, विचारले सहा की सात. पहिलाच विचारला की बोटीवर पहिल्यांदा उलटी कधी झाली. काका इतके हसले की चष्मा काढावा लागला, आणि मग जे सुरू झाले, खारवीवाड्याच्या गावातला मुलगा असून समुद्र लागतो ही लाज, सिनिअरपासून लपवायला केबिनमध्ये कसं पडून राहायचे, आईने बांधून दिलेली आमसुलं. कॅसेट लागलीच नाही.

खणून काढावं का हा प्रश्न बरोबर तासाने विचारला. ते गप्प. मी पाच मोजले, मग दहा, मागून कोणतरी खोकलं, माझ्या पाठीवर घाम. मग म्हणाले, समुद्राच्या आत शोधायला मिळालं याचा आनंद मला होता, पण गोटा उचलला की त्याच्यावर बसलेलं जे काही जिवंत होतं ते पण वर येऊन मरायचं, ते आम्ही बाटलीत भरून लेबल लावायचो, तेव्हा कोणाला वाईट वाटलं नाही आणि मला आता वाटतं. एवढंच. हो की नाही शेवटपर्यंत सांगितलं नाही, मी पण नाही ताणलं.

ताई, तुमच्यासाठी खास. प्रश्नोत्तरांत एका मुलीने रात्री लाटा निळ्या चमकतात त्याचं विचारलं. काका सांगत होते, नॉक्टिल्युका म्हणून एकपेशीय जीव, पाणी हललं की प्रकाश देतो वगैरे, तर पहिल्या रांगेतून तांडेल आजोबा, माईक नाही काही नाही, "पण त्या पाण्यात जाळं टाकून उपयोग नसतो रे, जाळंच पेटल्यागत दिसतं, मासा बाजूने निघून जातो." काका स्टेजच्या कडेला येऊन बसले पाय खाली सोडून. कुठल्या महिन्यात, किती वाव खोलीवर, काळोख्या रात्रीच का, बांगडा पण जातो का, पंधरा मिनिटं काकाच प्रश्न विचारत होते आणि आजोबा उत्तरं देत होते, एकमेकांना अरे-तुरे. मी तिकडे खुर्चीत कॉलरचा माईक लावून नुसता बसलेलो. वाशिष्ठीकाठ साहेब, स्टेजवर बसवले असते तर हे झालं नसतं हे तुमचं खरं, आणि बोलावलंच नसतं तर मुळातच झालं नसतं हे ताईंचं.

आता अडचण. फाईल २ तास ४० मिनिटांची आहे, काकांचा आवाज स्वच्छ, पण आजोबांचा लांबून आलाय आणि त्याच्यावर पंख्याची खडखड. मोबाईलवर किंवा फुकटच्या सॉफ्टवेअरवर ती कमी करता येते का? एक पेन ड्राइव्ह पुण्याला बहिणीकडे पाठवलाय, दुसरा कोणाकडे ठेवू? चिपळूण सोडून सांगा 🙏