तेलुगू विहीणबाई येणार आहेत : तीन संध्याकाळी, तीन चित्रपट – सल्ला हवा आहे

गोदाकाठ_नाशिक
नमस्कार. माझ्या मुलाचे लग्न हनमकोंड्याच्या मुलीशी ठरले असून पुढच्या महिन्यात होणारे व्याही आणि विहीणबाई चार दिवस आमच्याकडे राहायला येणार आहेत. व्याह्यांचे वरंगळ जिल्ह्यात एकपडदा चित्रपटगृह आहे आणि फोनवर ते प्रत्येक वेळी म्हणतात, की सगळा देश आमचे चित्रपट पाहतो, पण आमचे चित्रपटगृह आणखी पाच वर्षे चालेल याची मला खात्री नाही. एवढ्या कौतुकाच्या काळात ही काळजी का, हे मला समजून घ्यायचे आहे आणि त्यांच्यासोबत त्यांच्या भाषेतले तीन चित्रपटही पाहायचे आहेत.

अटी अशा आहेत. चित्रपट अडीच तासांहून मोठा नसावा. रक्तपात नसावा, कारण ७८ वर्षांच्या सासूबाई सोबत बसणार आहेत. आवाज मूळ तेलुगूच हवा, मात्र सासूबाईंना इंग्रजी उपशीर्षके वाचता येत नाहीत. एकूण खर्च ५०० रुपयांच्या आत बसावा. घरच्याच टीव्हीवर पाहणार आहोत.

प्रभात_फेरी
ताई, अभिनंदन. तीन चित्रपट म्हणजे 'बाहुबली'चे दोन्ही भाग आणि 'आरआरआर', यात विचार करण्यासारखे काही नाही. २०१७ साली दुसरा भाग पहिल्याच दिवशी पाहता यावा म्हणून मी रजा काढून हैदराबादला गेलो होतो आणि त्या दिवशी सकाळी आठच्या खेळाला लोकांनी पडद्याची आरती केलेली मी डोळ्यांनी पाहिली. त्या चित्रपटाच्या केवळ हिंदी आवृत्तीने ५०० कोटी रुपयांहून अधिक निव्वळ कमाई केली, तेव्हा त्याचे भविष्य अनिश्चित कसे? मात्र हे चित्रपट टीव्हीवर पाहू नयेत. मी गेल्या वर्षी ४२,००० रुपयांचा प्रोजेक्टर घेतला, तोच तुम्हीही घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

गोदाकाठ_नाशिक
प्रभात_फेरी, आभारी आहे. परंतु 'आरआरआर' तीन तासांहून मोठा आहे आणि खर्चाची मर्यादा ५०० रुपये आहे.

हातमाग_सोलापूर
माझी मातृभाषा तेलुगू आहे. आमचे पणजोबा पद्मशाली विणकर म्हणून सोलापूरच्या गिरणीत आले आणि आमचे घराणे इथलेच झाले. त्यामुळे मी थोड्या अधिकाराने सांगतो, की विहीणबाईंना 'बाहुबली' दाखवणे म्हणजे पाहुण्याला त्याच्याच घरचे ताट वाढण्यासारखे आहे. त्यांनी तो अनेकदा पाहिलेला असणार. दुसरे असे, की हनमकोंडा तेलंगणात आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कित्येक दशके तेलुगू चित्रपटांत नायक कृष्णा-गुंटूर भागातील प्रमाण बोली बोलत असे आणि तेलंगणाची बोली खलनायकाच्या किंवा विनोदी नोकराच्या तोंडी घातली जात असे. आमच्या आजीला याचा फार राग येई. २०१७ च्या 'फिदा'मध्ये साई पल्लवीने साकारलेली बांसवाड्याची नायिका ताठ मानेने तेलंगणाच्या बोलीत बोलली, तेव्हा आमच्या घरी टाळ्या वाजल्या होत्या. व्याह्यांना आपल्या बोलीतला चित्रपट दाखवलात, तर त्याचे मोल त्यांना नक्की कळेल.

ध्वनिपट्टी
या लोकप्रियतेचे श्रेय केवळ भव्यतेला देणे मला अन्यायाचे वाटते. मी मुंबईत डबिंगच्या क्षेत्रात काम करतो. 'बाहुबली'च्या कितीतरी आधीपासून हिंदी दूरचित्रवाहिन्या डब केलेले तेलुगू चित्रपट दिवसभर दाखवत होत्या आणि लहान गावांतील प्रेक्षक तेव्हाच या नायकांच्या चेहऱ्यांना सरावला होता. हिंदी 'बाहुबली'त प्रभासला शरद केळकरांचा आवाज आहे आणि हिंदी 'पुष्पा'त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपद्यांचा. म्हणजे उत्तर भारताने ज्या दोन तेलुगू नायकांना डोक्यावर घेतले, त्या दोघांचेही बोलणे मराठी माणसांचे आहे. सासूबाईंना हिंदी समजत असेल, तर मूळ आवाजाचा हट्ट सोडून डब केलेला 'पुष्पा' लावावा.

हातमाग_सोलापूर
ध्वनिपट्टी, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण 'पुष्पा'चा प्राण चित्तूरच्या बोलीत आहे आणि ती हिंदीत उरत नाही. ज्या भूमिकेसाठी अल्लू अर्जुनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जो मिळवणारा तो पहिला तेलुगू अभिनेता ठरला, त्या भूमिकेतील अर्धे काम त्याच्या स्वतःच्या जिभेचे आहे. शिवाय ताईंनी रक्तपात नको असे स्पष्ट लिहिले आहे.

एडिसन_मराठी
मी न्यू जर्सीत राहतो. इथे मोठ्या तेलुगू चित्रपटाचे खेळ भारतातील प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी होतात, तिकीट महाग असते आणि तरीही आमचे तेलुगू सहकारी अख्ख्या कार्यालयाची तिकिटे एकदम काढतात. अमेरिकेतील ही कमाई निर्मात्याच्या हिशेबात आधीच धरलेली असते. मी 'आरआरआर'मधल्या 'नाटु नाटु' गाण्याला मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले तो सोहळा त्यांच्यासोबत पाहिला आणि गीतकार चंद्रबोस व संगीतकार कीरवाणी मंचावर गेले तेव्हा आम्ही सगळे रडलो. जिच्या गाण्याचे चित्रीकरण कीव्हच्या राजप्रासादासमोर झाले आणि जे जपानपर्यंत पोहोचले, त्या चित्रपटसृष्टीच्या भविष्याची चिंता कशाला करायची? 'आरआरआर'च दाखवावा. तीन तास कळतही नाहीत.

जुनी_तबकडी
ताईंनी ७८ वर्षांच्या सासूबाईंचा उल्लेख केला आहे आणि त्यांचा विचार कोणीच केलेला नाही, याचे मला वाईट वाटले. के. विश्वनाथ यांचा 'शंकराभरणम्' (१९८०) लावा. शास्त्रीय संगीताला वाहून घेतलेला एक गवई आणि त्याच्या आश्रयाला आलेली, गावाने हिणवलेली एक स्त्री, एवढीच कथा आहे. या चित्रपटासाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम्, वाणी जयराम आणि संगीतकार के. व्ही. महादेवन या तिघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ज्या वाणी जयराम यांनी आपल्याकडे कुमार गंधर्वांबरोबर 'ऋणानुबंधाच्या' गायले, त्याच या. सासूबाईंना हा आवाज ओळखू आल्याशिवाय राहणार नाही. माझ्या आईने हा चित्रपट एक शब्दही न समजता पाहिला आणि शेवटी ती बराच वेळ काही बोलली नाही. लांबीही तुमच्या मर्यादेत बसते.

गोदाकाठ_नाशिक
हे फार उपयोगी आहे. सासूबाईंना ते गाणे अजून पाठ आहे. टिपून ठेवले.

चौपाटीचा_वारा
अजून कोणी लिहिलेले दिसत नाही म्हणून सांगतो, 'बाहुबली' अवश्य पाहावा.

कीर्तनरंगी
उपशीर्षकांची अडचण सोडवण्याचा खरा मार्ग म्हणजे कथा आधीच ठाऊक असलेला चित्रपट निवडणे. के. व्ही. रेड्डी यांचा १९५७ चा 'मायाबझार' म्हणजे आपले वत्सलाहरण, बलरामाची मुलगी वत्सला आणि अभिमन्यू यांच्या लग्नाची कथा. तिकडे वत्सलेला शशिरेखा म्हणतात, एवढाच फरक. पांडवांच्या घरचा विषय असूनही पांडव पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. एन. टी. रामाराव कृष्ण आहेत, एस. व्ही. रंगाराव घटोत्कच आहेत आणि घटोत्कच शशिरेखेचे रूप घेतो तेव्हा सावित्रीने कोवळ्या मुलीच्या देहात राक्षसाची चाल अशी काही आणली आहे, की भाषेची गरज उरत नाही. मार्कस बार्टली यांच्या छायाचित्रणातील चमत्कार आजही डोळ्यांना पटतात. लग्नघरात लग्नाची गोष्ट पाहण्यात औचित्यही आहे. हा चित्रपट तीन तासांचा आहे हे मान्य, तो दोन संध्याकाळी विभागून पाहावा.

प्रभात_फेरी
ही कथा मुळात आपली आहे, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्येच 'वत्सलाहरण' काढला होता.

कीर्तनरंगी
प्रभात_फेरी, वत्सलेची कथा व्यासांच्या महाभारतातही नाही. ती लोकपरंपरेतून महाराष्ट्रात आणि आंध्रात, दोन्हीकडे रुजली. तेलुगू रंगभूमीवर ती 'शशिरेखा परिणयम्' म्हणून नांदली, आपल्याकडे कीर्तनात आणि तमाशाच्या फडावर. मालकी सांगण्यापेक्षा दोन्ही घरांत एकच गोष्ट आहे, हे व्याह्यांना सांगता येईल याचा मला अधिक आनंद वाटतो. पहिला तेलुगू बोलपट 'भक्त प्रह्लाद' हादेखील मुंबईतच चित्रित झाला होता.

धर्माबादचा_मिरचीवाला
व्याह्यांच्या काळजीविषयी ताईंनी विचारले, त्याचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही. आमचे धर्माबाद तेलंगणाच्या अगदी सीमेवर आहे, घराघरात दोन्ही भाषा चालतात आणि माझे मेहुणे पलीकडच्या बाजूला चित्रपटगृह चालवतात. अडचण अशी आहे. वर्षात दोन-तीन प्रचंड चित्रपट येतात आणि त्यांच्या पहिल्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर कित्येक आठवडे रिकाम्या खुर्च्यांसमोर वीज जाळायची. मोठा नायक एकेका चित्रपटात तीन-तीन वर्षे अडकतो, म्हणजे पूर्वी जो नायक वर्षाला दोन चित्रपट देत असे, त्याच्या भरवशावर चालणारे गावातले चित्रपटगृह उपाशी राहते. सगळा देश पाहील असा चित्रपट काढण्याच्या नादात ज्या गावाने या सृष्टीला पोसले, त्या गावाच्या वाट्याला काहीच येत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

मे २०२४ मध्ये तेलंगणातील एकपडदा चित्रपटगृहे प्रेक्षकच नाहीत म्हणून दहा दिवस बंद ठेवावी लागली होती. पुढच्याच वर्षी दोन्ही तेलुगू राज्यांतील चालकांनी १ जूनपासून टाळे लावण्याचा इशारा दिला. त्यांची मागणी चित्रपट लावण्याबद्दल मिळणाऱ्या ठरावीक भाड्याऐवजी तिकीटविक्रीतील टक्केवारीची होती, कारण भाड्याच्या पद्धतीत चित्रपट तुफान चालला तरी चालकाच्या हाती तेवढेच पैसे पडतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चित्रपट कामगारांनी ३० टक्के वेतनवाढीसाठी काम थांबवले आणि चित्रीकरणे अठरा दिवस ठप्प झाली. ओटीटी कंपन्या पूर्वीसारखे डोळे झाकून पैसे देत नाहीत, आणि निर्मात्याने खर्च मात्र जुन्या आशेवर वाढवून ठेवलेला आहे.

मेहुण्यांनी जानेवारी २०२५ मध्ये काय पाहिले तेही सांगतो. एकाच निर्मात्याचे दोन चित्रपट संक्रांतीला लागले. 'गेम चेंजर' अफाट खर्चाचा आणि अनेक भाषांतला होता, तो पडला. वेंकटेशचा 'संक्रांतिकि वस्तुन्नाम्' घरगुती विनोदाचा आणि केवळ तेलुगूत आलेला, त्याला एवढी गर्दी लोटली, की बैलगाड्या जुंपून माणसे आली नाहीत इतकेच. त्यामुळे हा धंदा संपेल असे मी म्हणणार नाही. पण देशाला काय आवडेल याचा अंदाज बांधण्यात गावाची आवड विसरली, तर व्याह्यांची भीती खरी ठरेल.

एडिसन_मराठी
एक अपवाद सोडून द्यावा. मोठे चित्रपटच मोठा पैसा आणतात.

धर्माबादचा_मिरचीवाला
मोठा पैसा कोणाच्या हातात पडतो, हाच प्रश्न आहे. आणि डिसेंबर २०२४ मध्ये 'पुष्पा २'च्या आदल्या रात्रीच्या खेळाला हैदराबादमध्ये चेंगराचेंगरी होऊन एका बाईचा जीव गेला, त्यानंतर तेलंगणा सरकारने असे विशेष खेळ बंद करण्याची घोषणा केली. भक्तीच्या जोरावर पहिल्या दिवशी वसुली करण्याची ही रीत किती काळ चालवायची, याचाही विचार व्हायला हवा.

हातमाग_सोलापूर
पूर्णपणे सहमत. तेलंगणाच्या बोलीतला आणि छोट्या खर्चाचा, असे दोन्ही हवे असेल तर नाव एकच आहे : वेणु येल्दंडी यांचा 'बलगम' (मार्च २०२३). सव्वादोन तासांच्या आत संपतो. घरचे वृद्ध आजोबा वारतात आणि पिंडाला कावळा शिवत नाही, म्हणून वर्षानुवर्षे न बोलणारी मुले आणि मुलगी-जावई एका अंगणात अडकून पडतात. भांडणाचे मूळ मटणाच्या जेवणातल्या एका नळीच्या हाडात आहे. तेलंगणाच्या कित्येक गावांत पंचायतींनी हा चित्रपट चौकात पडदा लावून दाखवला. परंतु लग्नाआधी हा दाखवावा असे मी म्हणणार नाही. त्यात आजोबा नेमके नातवाच्या साखरपुड्याच्या तोंडावर वारतात आणि ठरलेली सोयरीक मोडते. विहीणबाईंनी मनाला लावून घेतले, तर मला दोष येईल.

जुनी_तबकडी
अजिबात दाखवू नये. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी आम्ही असाच एक रडवणारा चित्रपट लावला आणि होणाऱ्या सासरच्यांनी तो संकेत मानला. त्यातून जो अबोला धरला गेला, तो आजतागायत पूर्ण सुटलेला नाही. 'शंकराभरणम्' लावा.

कीर्तनरंगी
लग्नघरात कावळा-पिंडाचा विषय नको. 'मायाबझार'च योग्य.

प्रभात_फेरी
मीही हेच म्हणतो. आणि प्रोजेक्टरचा पुन्हा एकदा विचार व्हावा, सध्या सवलत सुरू आहे.

गोदाकाठ_नाशिक
सर्वांचे मनापासून आभार. निर्णय झाला आहे आणि तो बहुतेकांना पटणार नाही, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

पहिल्या संध्याकाळी 'बलगम' लावणार आहोत. काल रात्री तो मी आणि सासूबाईंनी पाहिला. होणारी सून पुण्यात नोकरी करते, ती शनिवार-रविवार आमच्याकडे आली होती आणि शेजारी बसून तिने प्रत्येक संवाद मराठीत सांगितला. खर्च एक रुपयाही झाला नाही. मामंजींच्या दहाव्याला आम्ही गोदावरीच्या काठावर भर उन्हात तीन तास कावळ्याची वाट पाहिली होती आणि धाकट्या दिरांनी सर्वांसमोर शेताबद्दल शब्द दिला, त्यानंतर घास शिवला गेला. ही गोष्ट घरात कोणी बोलत नाही. सासूबाईंनी ती काल स्वतःहून सुनेला सांगितली. ज्या मुलीला आमच्या घरात यायचे आहे, तिला आमचे घर कळायला मला यापेक्षा चांगला चित्रपट सापडला नसता.

अपशकुनाची भीती मलाही होती, म्हणून विहीणबाईंना फोन करून विचारले. व्याह्यांनीच फोन हातात घेतला. त्यांच्या चित्रपटगृहात गेल्या काही वर्षांत बायामाणसे, म्हातारीकोतारी असे अख्खे गाव बसून रडले ते याच चित्रपटाला, आणि त्या आठवड्यात त्यांनी धंदा बंद करण्याचा विचार पुढे ढकलला होता. धर्माबादच्या दादांनी लिहिलेले टक्केवारीचे गणित मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा हे सगळे तुम्हाला नाशिकमध्ये कोणी सांगितले, असे त्यांनी आश्चर्याने विचारले.

उरलेल्या दोन संध्याकाळी 'मायाबझार' दोन भागांत पाहू. 'शंकराभरणम्' सासूबाईंसाठी पाहुणे गेल्यावर लावीन.

हातमाग_सोलापूर
ताई, माझा सल्ला तुम्ही मानला नाहीत याचे समाधान वाटते. एकच विचारतो, नळीच्या हाडाचा प्रसंग सुनेने मराठीत कसा सांगितला?

गोदाकाठ_नाशिक
तो सांगावाच लागला नाही. तेलुगूतही नळीला नल्लीच म्हणतात, सासूबाईंनी तो शब्द तिच्या आधी ऐकला.