एकाच मालकाचे तीन संघ: पीबीएतली चुरस खरी किती?

मांडलुयाँगकर

नोकरीनिमित्त मी 2016 पासून मनिलात आहे. इथे ज्या बोळातून दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, तिथेही विजेच्या खांबाला रिंग ठोकलेली असते. त्यामुळे बास्केटबॉलचं वेड मलाही लागलं, आणि आता ते इतकं आहे की राग येतो. तो राग इथे मांडतोय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीबीए (फिलिपिन बास्केटबॉल असोसिएशन) ही फिलिपिन्सची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, 1975 ची, आशियातली पहिली. संघ 12. पण संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत. सॅन मिगेल कॉर्पोरेशन म्हणजे बिअरपासून महामार्गांपर्यंत सगळ्यात असलेला उद्योगसमूह. त्यांचे तीन संघ: सॅन मिगेल बिअरमेन, बारांगाय हिनेब्रा (जिनच्या बाटलीवरचं नाव) आणि मॅग्नोलिया. समोर मॅनी पँगिलिनन यांचा गट. टेलिफोन, वीज, टोलरस्ते. त्यांचेही तीन: टीएनटी, मेराल्को, एनलेक्स. उरलेले सहा संघ सहा वेगवेगळ्या मालकांचे.

आता हिशेब बघा. 2016 ची कमिशनर्स कप स्पर्धा रेन ऑर शाइनने जिंकली. हा रंग बनवणाऱ्या कंपनीचा संघ, कुठल्याच गटात नसलेला. त्यानंतर 2025 च्या जुलैपर्यंत 21 स्पर्धा झाल्या. सॅन मिगेल गटाने 16 जिंकल्या, पँगिलिनन गटाने 5. बाकी सहा संघांच्या वाट्याला शून्य. माझ्या इथल्या सगळ्या वर्षांत तिसऱ्या कुणाच्या हातात मी चषक पाहिलेला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. एक मालक, एक संघ. ज्याच्याकडे तीन आहेत त्याने दोन विकावेत.

---

सदाशिव फास्टब्रेक

असहमत, आणि ठामपणे.

पीबीए मोठी कशामुळे झाली? मालकांच्या ईर्ष्येमुळेच. सुरुवातीची नऊ वर्षं ही लीग म्हणजे क्रिस्पा विरुद्ध टोयोटा होती. क्रिस्पा टी-शर्ट बनवणाऱ्या फ्लोरो कुटुंबाचा, टोयोटा तिथे गाड्या जुळवणाऱ्या डेल्टा मोटरच्या सिल्वेरियोंचा. दोघांनाही हरणं सहन व्हायचं नाही. 1975 चा पहिला चषक टोयोटाने नेला, तर क्रिस्पाने 1976 मध्ये वर्षातल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. 1977 मध्ये सामना संपल्यावर दोन्ही संघांत अशी हाणामारी झाली की मार्शल लॉच्या त्या काळात खेळाडूंना फोर्ट बोनिफासियो या लष्करी तळावर रात्र काढावी लागली. आजही साठीतली माणसं "तू क्रिस्पाचा की टोयोटाचा" असं विचारतात. टोयोटाचा जावोर्स्की पुढे सिनेटर झाला तो या वैरातून मिळालेल्या नावावर.

आपल्याकडे कंपन्यांच्या टाइम्स शील्ड क्रिकेट स्पर्धेत टाटा, निर्लॉन, मफतलाल एकमेकांना भिडायचे तेव्हा आझाद मैदानावर हेच होतं. कंपनीच्या मालकाला खेळाचं वेड असलं की खेळाडूचं घर चालतं.

तीनतीन संघ नकोत म्हणता, मग ते चार संघ चालवणार कोण? एक संघ वर्षभर पोसणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. विकायला काढले आणि गिऱ्हाईकच आलं नाही तर 12 चे 8 होतील.

---

दावाओची डॉक्टरीण

मी फिलिपिन्सच्या दक्षिणेतल्या दावाओला डॉक्टरीचं शिक्षण घेतलं. आमच्या बॅचला मराठी पोरं बरीच होती. मला आकडे नाही सांगता येणार, एक प्रसंग सांगते.

15 जानेवारी 2023. हिनेब्रा आणि हाँगकाँगहून पाहुणा म्हणून आलेला बे एरिया ड्रॅगन्स, अंतिम फेरीचा सातवा सामना. बुलाकानच्या फिलिपिन एरिनात 54,589 माणसं, लीगच्या इतिहासातली सर्वांत मोठी गर्दी. मी वॉर्डात होते. पायाला प्लास्टर असलेले एक ट्रायसिकलवाले आजोबा, त्यांच्या खाटेभोवती बाकीचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, खालून आलेला वॉचमन, असे सगळे एका मोबाइलवर. हिनेब्राच्या ब्राउनलीने बास्केट केला की आजोबा प्लास्टरवर टिचक्या मारायचे. जिंकल्यावर रडले. मला म्हणाले, डॉक्टर, आम्ही कधी मरत नसतो. हिनेब्राचं ते घोषवाक्यच आहे.

त्या माणसाला मालक कोण, त्याचे किती संघ, काही देणंघेणं नव्हतं. उद्या "नियमात बसत नाही" म्हणून हिनेब्रा विकलात तर नाव बदलणार, कारण नाव म्हणजे त्यांच्या दारूचा ब्रँड. मग त्या आजोबांनी कुणासाठी टिचक्या मारायच्या?

---

मांडलुयाँगकर

डॉक्टर, तुमचा प्रसंग वाचून गलबलून आलं. पण त्याच आजोबांची फसवणूक होते असं मला वाटतं, म्हणून तर बोलतोय.

फास्टब्रेक, तुमच्या क्रिस्पा-टोयोटाचं पुढे काय झालं तेही सांगा ना. टोयोटा 1983 नंतर बंद. क्रिस्पाने 1983 ला पुन्हा तिन्ही चषक जिंकले आणि 1984 नंतर तोही गेला. मालक आटोपला की संघ आटोपला. आणि एक मोठा फरक विसरताय: तेव्हा एकाच मालकाचे तीन संघ नव्हते!

आता खरं दुखणं. ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला नव्या खेळाडूंतला पहिला निवडायला मिळतो. हेतू हा की दुबळ्याने उभं राहावं. आपल्या वाचकांना जवळचं उदाहरण देतो. इथे एक संघ 2015 ते 2017 दरम्यान 'महिंद्रा' नावाने खेळायचा. आपली मुंबईची महिंद्रा त्याची मालक नव्हती, तिच्या गाड्या इथे विकणाऱ्या समूहाचा तो संघ. आधी नाव किया, मग महिंद्रा, पुन्हा किया, मग कोलंबियन, मग टेराफर्मा. बॉक्सर मॅनी पॅक्याओ त्याचा प्रशिक्षक होता. बहुतेक वेळा तळाला.

2017 मध्ये या संघाकडे पहिला क्रमांक आला. सगळ्यांना माहीत होतं की स्टँडहार्डिंगरला घेणार. सहा फूट आठ इंचांचा, तळाचा संघ उचलून धरणारा माणूस. त्यांनी तो क्रमांकच सॅन मिगेल बिअरमेनला देऊन टाकला! बदल्यात तीन राखीव खेळाडू आणि पुढचा एक ड्राफ्ट क्रमांक. सॅन मिगेलकडे फाहार्दो आधीच होता, जो 2014 ते 2019 सलग सहा वर्षं सर्वोत्तम खेळाडू ठरला. भरल्या ताटात आणखी वाढलं.

2018 चा पहिला क्रमांक सीजे पेरेझ, संघ तोच. 2021 मध्ये तोही सॅन मिगेलला. 2014 चा पहिला, प्रिंगल, दुसऱ्या एका दुबळ्या संघाकडून 2019 मध्ये हिनेब्राला. किती योगायोग मानायचे? कागदावर तीन संघ, पण बाजारात सगळे रस्ते एकाच दाराशी जातात.

---

हिशेबनीस

स्टँडहार्डिंगरच्या सौद्यावरून लीग जवळजवळ फुटली होती, ते राहिलं. लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, नार्वासा यांनी सौदा मंजूर केला. 12 पैकी 7 संघांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला: पँगिलिनन यांचे तीन, शिवाय अलास्का (दुधाच्या कंपनीचा संघ), रेन ऑर शाइन, फिनिक्स आणि ब्लॅकवॉटर. उरलेले 5 म्हणजे सॅन मिगेलचे तीन, किया आणि ग्लोबलपोर्ट. शेवटी नार्वासांना जावं लागलं.

या मतविभागणीतच उत्तर आहे. संचालक मंडळात प्रत्येक संघाला एक मत. 12 पैकी 6 मतं दोन घरांत. "एक मालक, एक संघ" हा ठराव तिथे कोण मांडणार आणि मंजूर कोण करणार?

---

सदाशिव फास्टब्रेक

हिशेबनीस, पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. सॅन मिगेलला अडवायला कोण उभं राहिलं? तीन मतं असलेला दुसरा गट. एकटा रंगवाला किंवा एकटा दूधवाला उभा राहिला असता तर कुणी विचारलंही नसतं. बड्याला आवरायला बडाच लागतो.

मैदानावरही तेच. मेराल्कोने 2024 मध्ये पहिलावहिला चषक जिंकला तो सॅन मिगेलला 4-2 हरवून. त्यानंतरच्या दोन्ही स्पर्धांत टीएनटीने हिनेब्राला अंतिम फेरीत हरवलं, दुसऱ्यांदा तर सात सामन्यांपर्यंत ताणून. वर्षातला तिसरा चषकही टीएनटी नेणार असं वाटत असताना जुलै 2025 मध्ये सॅन मिगेलने अडवलं. याला चुरस नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

---

नागपाडा पॉइंट गार्ड

मी मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर वाढलो, त्यामुळे खेळाडूच्या बाजूने बोलतो. तुम्ही सगळे मालकांचंच बोलताय.

पीबीएत एका खेळाडूला महिन्याला जास्तीत जास्त 4,20,000 पेसो देता येतात. शिवाय नव्या खेळाडूला खुली बाजारपेठ नाही. दुबळ्या संघात पडलास तर हरत राहा, चांगला खेळलास तर तुला विकणार, आणि कुठे जायचं हे तू ठरवणार नाहीस. म्हणून पोरं जपानला निघाली. थर्डी रावेना 2020 ला गेला, पीबीएच्या ड्राफ्टमध्ये नावही न देता. त्याचा भाऊ कीफर तर एनलेक्समध्ये होता, तोही 2021 ला गेला. चांगला पोरगा स्वतःच्या देशाच्या लीगला पाठ दाखवतो यापेक्षा वाईट काय असतं?

---

हिशेबनीस

फास्टब्रेक, त्या दोन बड्यांच्या वैराबद्दल एक सांगतो. सॅन मिगेल टेलिफोनच्या धंद्यात उतरणार होती, 2016 मध्ये तिने तो सगळा व्यवसाय विकला. घेणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक पँगिलिनन यांचीच. आणि 2024 च्या मार्चमध्ये बातांगासच्या गॅस प्रकल्पासाठी दोन्ही गट, तिसऱ्या अबोइतिझ समूहासह, भागीदार झाले. 3.3 अब्ज डॉलरचा करार. कोर्टवर घाम गाळणारी पोरं हे वैर खरं मानतात, ट्रायसिकलवाले आजोबा खरं मानतात. कंपन्या मात्र सोयीप्रमाणे हात मिळवतात. मला त्यात गैर दिसत नाही, धंदा तो धंदा. पण मग "एक बडा दुसऱ्याला आवरेल" या भरवशावर लीग सोडू नका.

---

दावाओची डॉक्टरीण

हा मुद्दा पटला. शहरांच्या संघांचं बोलायचं तर पॅक्याओने 2017 मध्ये एमपीबीएल ही वेगळी लीग काढली ती त्याच कल्पनेवर, शहराचा संघ आणि घरचं मैदान. आमच्या दावाओचाही संघ होता. मी सामन्याला गेले आहे, शेजारचा भाजीवाला आणि आमचे सर एकाच बाकावर बसून ओरडत होते. तो आनंद वेगळा. पण घरी परतल्यावर दोघांनी टीव्हीवर लावला तो हिनेब्राचाच सामना.

---

मांडलुयाँगकर

तुमच्या सगळ्यांचं वाचून एक पाऊल मागे येतो. हिनेब्रा विकू नका, मान्य. नाव गेलं तर सगळं गेलं. पण ड्राफ्टचा पहिला क्रमांक आणि त्यावर निवडलेला खेळाडू तीन वर्षं कुठेही देता येणार नाही, एवढा एक नियम करा. तीन संघ ठेवा, पण दुबळ्याच्या ताटातला घास उचलू नका.

अलास्का आठवते? 35 वर्षं, 14 चषक, एका घराने एकच संघ जिवापाड सांभाळला. 2022 मध्ये गेली. माझ्या इमारतीखाली छोटं दुकान चालवणाऱ्या बाई अलास्काच्या. रिंगची एक जुनी पांढरी जाळी आणि संघाचा फोटो अजून गल्ल्याच्या वर आहे. आता कुणाच्या बाजूने, म्हणून मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, आता बघत नाही.

---

सदाशिव फास्टब्रेक

तीन वर्षं फार होतात, दोन करा. मालकाला संघ चालवताना हातपाय हलवायला जागा हवी. पण दोनला माझी सही आहे.

---

नागपाडा पॉइंट गार्ड

आणि त्या दोन वर्षांत पोराला पगाराची मर्यादा नको. नाहीतर तुमचा नियम म्हणजे त्याच्यासाठी अजून एक कुलूप.