मदत हवी आहे: सोबतची संस्था तिकीटविक्रीची यादी देईना

शाहूपुरीकर:
अर्जंट आहे. शनिवारी कोल्हापुरात शाहू स्मारकला आमचा आणि दुसऱ्या एका संस्थेचा मिळून गाण्याचा कार्यक्रम आहे. खर्च निम्मा-निम्मा, तिकिटं दोघंही विकतोय. काल एक काकू दुकानात आल्या. हातात आमचं छापील तिकीट, एफ 12. त्यांच्या भावजयीच्या मोबाइलवरही एफ 12 च! समोरच्यांकडे यादी मागितली तर "गिऱ्हाइकांचा डेटा देता येत नाही" म्हणतात. निम्मे पैसे आमचे असताना असं कसं? यादी कशी मिळवायची सांगा.

पेठेतला:
भावा, ऑनलाइन विक्री कुणाच्या खात्यातनं चाललीया? पैसे कुणाच्या बँकेत जमा व्हायल्यात? करार लेखी हाय का तोंडी?

हिशेबनीस:
तिकीट कितीचं? गाण्या-नाटकाच्या प्रवेशाला 500 रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, 500 च्या पुढं तिकीट असेल तर 18 टक्के. आधी ते बघा.

शाहूपुरीकर:
जीएसटीचं विचारलं नाही हो. करार कसला, ओळखीतलीच माणसं आहेत. खातं त्यांचं, पैसेही त्यांच्याकडेच जमा होतात. आणि नंबर आम्हाला पुढच्या कार्यक्रमासाठीही हवेत.

बिंदूचौक:
गुगल शीट करा, दोघांनी त्यात भरा. आम्ही तेच करतो.

जुना बुकिंगवाला:
शीटनंच घोटाळे होतात. खिडकीवर गर्दी असताना कोण भरत बसतं? मी केशवराव भोसले नाट्यगृहात खुर्च्यांच्या प्लॅनवर तिकिटं द्यायला बसायचो. एकच कागद, विकलेल्या खुर्चीवर लाल पेन्सिलीची फुली. दोन ठिकाणी विक्री असली की रांगाच वाटून घ्यायच्या, पुढच्या दहा तुमच्या, मागच्या आमच्या. एक खुर्ची दोघांच्या हातात कधी द्यायचीच नाही.

रंकाळावेस:
केशवरावचं नाव निघालं की पोटात कालवतं. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं पॅलेस थिएटर म्हणजेच हे नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

वकीलसाहेब:
मूळ प्रश्नाकडे या. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की माणसानं नंबर ज्या कामाला दिला, त्याच कामाला वापरायचा. तिकिटासाठी दिलेला नंबर तुमच्या पुढच्या जाहिरातीसाठी नाही. त्यांचं बरोबर आहे.

बिंदूचौक:
त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य कलमांना 18 महिन्यांची मुदत आहे.

वकीलसाहेब:
म्हणून तोवर लोकांचे नंबर वाटत सुटायचं? माझ्या आईला एका तिकिटापायी वर्षभर मेसेज येत होते.

पेठेतला:
शाहूपुरीकर, तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात. डबल विक्री थांबवायला फक्त खुर्ची नंबर आणि रक्कम लागते. नाव-नंबर नको. तेवढंच मागा, रोज रात्री आठला. हिशेबही त्यावरच जुळंल. पुढच्या वेळी तिकीट घेतानाच "दोन्ही संस्थांचे मेसेज चालतील का" असा वेगळा चौकोन ठेवा. ज्यानं टिक केलं, त्याचाच नंबर दोघांना. आन् हे कागदावर लिवून घ्या, ओळख असली तरी.

शाहूपुरीकर:
फोन केला. नुसते खुर्ची नंबर मागितल्यावर दहा मिनिटांत पाठवले. जुळवून पाहिलं, सात खुर्च्या डबल निघाल्या. त्यांची ऑनलाइन विक्री आता एच रांगेपासून मागेच ठेवलीय. पण काकूंना एफ 12 च्या बदल्यात कुठली देऊ?

जुना बुकिंगवाला:
पुढची. सी-डीमधली, कडेची नको. चूक तुमच्याकडची आहे, त्यांना मागं सरकवू नका. आणि नवीन तिकीट घरी नेऊन द्या.