अ‍ॅनी की ऑस्कर, नक्की कोणाचं मनावर घ्यायचं?

अर्धवट_पेन्सिल:
मंडळी, बाळबोध प्रश्न आहे. अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी अ‍ॅनी अवॉर्ड (फक्त अ‍ॅनिमेशनचे पुरस्कार) म्हटलं की आई विचारते ही कोण बाई 😄 २०२० ला ‘क्लाउस’ने सातपैकी सात अ‍ॅनी उचलले आणि ऑस्कर गेला ‘टॉय स्टोरी ४’ला. २०२५ ला ‘द वाइल्ड रोबो’ला नऊ अ‍ॅनी, ऑस्कर ‘फ्लो’ला. मग खरं कोणाचं मानायचं?

रात्रपाळी:
आईला सांग, बाई नाही, अ‍ॅनिमेशनचंच लाडाचं नाव आहे ते. हे पुरस्कार व्हॉइस आर्टिस्ट जून फोरे यांनी १९७२ ला सुरू केले, आधी नुसतेच जुन्याजाणत्यांचे सत्कार असायचे, स्पर्धा १९९२ पासून. ऑस्करला शेवटच्या फेरीत सगळी अकॅडमी मत देते, म्हणजे नट, संगीतवाले, सगळेच, अ‍ॅनीला मत देणारे बरेचसे आपल्याच धंद्यातले.

खडूस_काका:
धंद्यातले म्हणजे निर्मळ असं काही नसतं हो. ‘कुंग फू पांडा’च्या वर्षी ‘वॉल-ई’ला अ‍ॅनीत चक्क भोपळा! पुढे २०१० ला मतदानाच्या पद्धतीवरून डिस्ने रुसलेल्या जावयासारखं बाहेर पडलं, मग आलं परत.

रात्रपाळी:
काका, बेस्ट फिल्म सोडून द्या ना, तिथे राजकारण असणारच. मी स्टोरीबोर्ड, कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन, इफेक्ट्स ही नामांकनं बघतो, कारण तिथे एकेका माणसाचं काम दिसतं. ‘क्लाउस’ एकदा फ्रेम फ्रेम पुढे सरकवून बघ, त्यातल्या नायकाच्या, जेस्परच्या, त्या लांब नाकावर उजेड कसा वळतो ते, लोकांना थ्रीडी वाटतं पण चित्रं हातानेच काढलेली आणि उजेड-सावली नंतर त्याच चित्रांवर चढवलेली. आमच्या ऑफिसात एकाने पैज लावली होती थ्रीडीच आहे म्हणून, चहा त्याच्याकडून वसूल केला.

मांजरप्रेमी_ठाणे:
आणि ‘फ्लो’ला अ‍ॅनी पण मिळालाय रे, इंडी फीचरमध्ये, म्हणजे स्वतंत्र चित्रपटांच्या गटात! तो विभाग वेगळा असतो. तुझं दुसरं उदाहरण लंगडं पडलं.

अर्धवट_पेन्सिल:
अर्रर्र, हो की. आणि तो ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलाय ना? ब्लेंडर तर माझ्याकडेपण आहे, फक्त रेंडर (तयार फ्रेम्स काढायचं काम) लावला की लॅपटॉपचा पंखा असा बोंबलतो की आजी खालून विचारते मिक्सर कोणी लावला.