चेक इंजिन लाइट घालवली की परत येते, कोड दरवेळी पी०१७१, नेमकं बघू काय?

लांबचा_प्रवासी:
नमस्कार मंडळी, पेट्रोल गाडी आहे, १ लाख १० हजार किमी झालेत, तीन महिन्यांत चेक इंजिन लाइट चौथ्यांदा लागलीय. कोड तोच, पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). पहिल्यांदा मेकॅनिकने स्कॅनर लावून कोड उडवला, आठ दिवसांत परत आली. मग ऑक्सिजन सेन्सर बदलायला लावला, नवीन टाकला, पंधरा दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. आता तो म्हणतो इंजेक्टर बदलू. गाडी बंद पडत नाही, पिकअपही ठीक आहे, फक्त सिग्नलला उभी असताना आयडलिंगला जरा थरथरते. आईला घेऊन दर आठवड्याला लांब जावं लागतं त्यामुळे जीवाला घोर लागून राहिलाय. पैसा परत चुकीच्या जागी घालायचा नाहीये, कुठून सुरुवात करू?

पाना_दहा:
भाऊ आधी एक सांगा, लाइट नुसती पेटलेली असते की लुकलुकते? लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जळतो, अशा वेळी आईला घेऊन लांब तर अजिबात जाऊ नका. स्थिर असेल तर घाई नाही पण सोडूनही देऊ नका.

आणि इथून पुढे कोड उडवू देऊ नका कोणाला! कोडसोबत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) फ्रीझ फ्रेम साठवून ठेवतो, म्हणजे बिघाड पकडला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती हे सगळं. कोड उडवला की तेही जातं. शिवाय या जातीचे बिघाड बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक) दिसले तरच लाइट लागते, आणि बऱ्याच गाड्यांत कोड उडवल्यावर शिकलेला फ्युएल ट्रिमही (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) शून्यावर येतो. म्हणून तुम्हाला वाटलं सेन्सरने फरक पडला. लीन आहे हे ज्याने सांगितलं तोच सेन्सर बदलला, हवा जिथून शिरतेय ती जागा तशीच राहिली.

काळा_धूर:
वरच्या दादांशी सहमत. इंजेक्टरला हात लावायच्या आधी लाइव्ह डेटा बघा, ब्लूटूथवाला साधा ओबीडी स्कॅनर आणि मोबाईल पुरतो. पोर्ट बहुतेक स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या बुडाशी असतो, १६ पिनांचा.

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, आणि शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) नि लाँग टर्म (शिकलेला) फ्युएल ट्रिमची बेरीज लिहून घ्या, एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमवर धरून. निरोगी गाडीत ही बेरीज शून्याच्या आसपास, अधिक-उणे ५ ते १० टक्क्यांत असते. आयडलला खूप जास्त आणि २५०० ला उतरली तर व्हॅक्यूम लीक (कुठूनतरी चोरून हवा आत शिरतेय), कारण आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत ओढ जबरदस्त असते, इंजिन हवा घेतं थोडीच आणि त्यात चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा होतो. उलट रेस केल्यावर, लोडवर ट्रिम वाढत गेला तर एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) घाण झालेला किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी (पंप, फिल्टर). दोन्हीकडे सारखाच जास्त असेल तेव्हा मात्र लगेच निष्कर्ष काढू नका.

हे एमएएफवाल्या गाडीचं गणित आहे हं. नुसता मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा) असेल तर चोरून आलेली हवाही मोजली जाते, तिथे लीन कोडऐवजी बऱ्याचदा आयडल चढलेला दिसतो.

गरम_सायलेन्सर:
माझ्याकडे हाच कोड होता, निघाला एक्झॉस्ट लीक. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी मॅनिफोल्ड गॅस्केट उडालं होतं, तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सरला उगाच लीन वाटायचं. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो का तेवढं कान देऊन ऐका.

लांबचा_प्रवासी:
लाइट स्थिर आहे, टिकटिक नाही, गाडीत एमएएफ आहे. ट्रिम घेतला, आयडलला +२३, २५०० ला +६!

काळा_धूर:
व्हॅक्यूम लीकच. थ्रॉटल बॉडी ते हेड सगळे पाइप हाताने चाचपा, नुसतं वरून बघू नका, पीसीव्हीचा पाइप (इंजिनाच्या पोटातले वायू परत आत नेणारा) बेंडजवळ खालून चिरतो. सापडला नाही तर स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधतात ती) करून घ्या. कार्ब क्लीनर मारून शोधायची पद्धत आहे पण गरम इंजिनावर ते पेट घेतं, त्या वाटेला न गेलेलं बरं.

लांबचा_प्रवासी:
सापडलं!! पीसीव्हीचाच पाइप. वरून अगदी चांगला दिसत होता, पण इंजिन थंड असताना बोट खालून फिरवलं तर बेंडच्या पोटाला नखाएवढी चीर, रबर तेलाने फुगून बुळबुळीत झालेलं, दाबलं की चीर उघडायची. नवीन पाइप आणि क्लॅम्प टाकला, आयडलची थरथर त्याच क्षणी गेली. ट्रिम आता आयडलला +३. कोड मुद्दाम उडवला नाही, चौथ्या दिवशी लाइट आपोआप विझली. मेकॅनिकला जुना पाइप नेऊन दाखवला, इंजेक्टर राहू दे म्हणाला. मनापासून आभार सगळ्यांचे.

पाना_दहा:
झकास! बहुतेक गाड्यांत लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकल बिघाड दिसला नाही की लाइट स्वतःच विझते. महिनाभर आठवड्यातून एकदा पेंडिंग कोड (लाइट लागायच्या आधीच नोंदलेला) आणि ट्रिम बघत राहा, +१० च्या वर जायला लागला तर आकडे इथेच टाका.