कागदावर मोकळी असलेली मुलं संगणकावर आखडतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बेळगावात एका छोट्या संस्थेत मी ग्राफिक डिझाइनच्या नवशिक्या मुलांना शिकवते. वडगाव, शहापूर, खानापूर, निपाणी अशा ठिकाणांहून मुलं येतात. काहींच्या घरात मराठी, काहींच्या घरात कन्नड.

सुरुवातीला मी संगणक लावूच देत नाही. काळा कार्डशीट कापून आकार मांडायचे. बोरू, कंगवा, जुना टूथब्रश शाईत बुडवून रेघा ओढायच्या. सगळ्यात रंगतो झेरॉक्सचा तास. छापलेला 'क' काचेवर ठेवायचा आणि आतला दिवा सरकत असताना कागद ओढायचा. अक्षर ताणतं, वाकतं. मोठी प्रत, तिची आणखी मोठी, असं करत गेलं की कडा फुटतात आणि हाताने ठरवून काढता येणार नाही असा पोत मिळतो. ऑफसेट प्रेसमधून सेटिंगचे वाया गेलेले कागदही आणतो. ते भिंगाखाली धरले की चार रंगांचे ठिपके दिसतात आणि रजिस्टर हललं, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत, की काय होतं, ते सांगत बसावं लागत नाही.

मग दोन्ही लिप्या. देवनागरी 'क' शिरोरेषेला लटकतो. कन्नड 'क' गोलाईवर बसतो, डोक्यावर छोटा तलकट्टु, म्हणजे वरची टोपीसारखी खूण. दोन्ही कापून शेजारी ठेवायचे आणि वजन, म्हणजे डोळ्याला दिसणारा जाडपणा, जुळवायचं. यात मुलं तासन् तास रमतात, एकमेकांची अक्षरं एकमेकांना शिकवतात. मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

अडचण पुढे आहे. संगणक सुरू झाला की हीच मुलं तयार टेम्प्लेट उघडतात, नाव बदलतात आणि म्हणतात, "झालं ओ मॅडम." दुसरा नमुना करायला सांगितला तर फक्त रंग बदलून आणतात.

म्हणून दुकानाच्या पाटीचं काम दिलं. कर्नाटकच्या कन्नड भाषेच्या कायद्यात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर इथे पाटीवर ६० टक्के कन्नड हवं आणि तेही वरच्या भागात. उरलेल्या जागेत मराठी कसं बसवायचं, हा खरा डिझाइनचा प्रश्न आहे आणि त्याला टेम्प्लेट मिळत नाही. दोन्ही लिप्यांत असलेला 'अनेक' फॉन्टही दिला. कागद कापून केलेल्या पाट्या एकाहून एक वेगळ्या निघाल्या. स्क्रीनवर मात्र जवळजवळ सगळ्यांनी वर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी, दोन्ही मधोमध. म्हणजे फॉन्टचा प्रश्न नव्हता.

आता असं डोक्यात आहे की पहिले काही आठवडे संगणकावर फक्त स्वतःचे कापलेले, झेरॉक्स केलेले तुकडे स्कॅन करून वापरू द्यायचे, बाहेरचं काहीच नाही. हे कुणी करून पाहिलंय का? मुलं कंटाळतात का?

दुसरं म्हणजे गुण. शेवटच्या एका कामाला गुण दिले तर कुणी धाडस करत नाही. नमुन्यांच्या संख्येला दिले तर सारखेच नमुने ढीगभर येतात. प्रयोगाला गुण तुम्ही कसे देता?

पालकांचंही ऐकावं लागतं. "सॉफ्टवेअर कधी शिकवणार ओ?" हा प्रश्न रास्त आहे; फ्लेक्सच्या दुकानात नोकरी मागायला गेलं की कोरलड्रॉ येतं का, हेच आधी विचारतात. त्यामुळे संगणक फार पुढे ढकलता येत नाही.

दोन लिप्यांत शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा. नवी बॅच दिवाळीनंतर सुरू होतेय. मुलांच्या कामाचे फोटो टाकलेत तर वर्गात दाखवीन.