उथळ नदीसाठी घरगुती जेट बोट: शेतीच्या पंपसेटवर जमेल का?

बदलापूर_काठ
बदलापूरच्या वरच्या अंगाला उल्हास नदीत उन्हाळ्यात जागोजागी घोटाभर पाणी आणि खाली कातळ-गोटे. आउटबोर्डचा पंखा तिथे टिकणार नाही, म्हणून जेट, म्हणजे पंपाने पाणी ओढून मागे फेकत चालणारी बोट. ११ फुटी अ‍ॅल्युमिनियम होडी, ६.५ एचपीचा तीन इंची पेट्रोल पंपसेट, तळातून सक्शन आणि मागे नोझल, असा बेत आहे. एक माणूस बसेल. पाण्यावर उचलली जाऊन वरच्यावर घसरत, म्हणजे प्लेनवर, पळेल का? नसेल तर काय बदलू?

नोझल_ठाणे
पळणार नाही, रांगेल. हिशोब करून बघा. रेटा म्हणजे दर सेकंदाला फेकलेलं पाणी (किलो) गुणिले पाण्याचा वेग वजा बोटीचा वेग. नोझलमधून सेकंदाला १२ मीटर वेग हवा तर साधारण साडेसात मीटर हेड, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवण्याइतका दाब, लागतो. तेवढ्या हेडला हा पंप सेकंदाला १३ लिटरच्या आसपास देईल, म्हणजे नोझल ३७ मि.मी.चं. उभ्या बोटीला १३ × १२ = १५६ न्यूटन, जेमतेम १६ किलोचा रेटा. ताशी १५ कि.मी.ला तो १० किलोवर येतो. होडी, इंजिन, माणूस, पेट्रोल मिळून २४० किलो धरा. नाक खाली पाडून प्लेनवर चढायला वजनाच्या साधारण सहावा-सातवा हिस्सा रेटा लागतो, म्हणजे ३५ ते ४० किलो. शिवाय पाइपातले एल्बो, म्हणजे वळणं, हेड खातात ते वेगळंच.

मूळ चूक पंपाच्या जातीत आहे. शेतीचा सेंट्रिफ्युगल पंप थोडं पाणी उंच चढवण्यासाठी असतो. बोटीला भरपूर पाणी बेताच्या वेगाने मागे ढकलायचं असतं, तिथे पाणी सरळ किंवा तिरपं मागे ढकलणारा अ‍ॅक्शिअल किंवा मिक्स्ड फ्लो पंपच हवा. तेवढ्याच एचपीत त्याचा रेटा कितीतरी जास्त.

आणि नोझल पाण्याबाहेर सोडा. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात फवारा पाण्याखालून काढून पातळीच्या किंचित वर आणला, तेव्हा कुठे त्यांच्या बोटीने वेग धरला.

बदलापूर_काठ
म्हणजे जुनी जेट स्की मोडून तिचं इंजिन आणि पंप उचलायचा? सांगाडा रबाळ्याला वेल्डिंग करून घेता येईल.

टिग_वेल्डर
हो, पण इंजिन, शाफ्ट, पंप, इनटेक (पाणी ओढणारं तळाचं तोंड), स्टिअरिंग नोझल आणि रिव्हर्सची बादली (फवारा उलट पुढे वळवणारं झाकण) एकाच मशीनमधून घ्या. ८० ते ११० एचपीचं टू-स्ट्रोक ११-१२ फुटी होडीला पुरून उरतं.

तळाला ५०८३ ग्रेडचा ४ मि.मी. पत्रा, बाजूंना ३. ५०८३ नाही मिळाला तर ५०५२ चालेल. दुकानदार ६०६१ गळ्यात मारेल, ती घेऊ नका; वेल्डच्या बाजूला तिची ताकद बरीच उतरते. तळाचा व्ही १० ते १२ अंशांचा. जास्त खोल केलात तर उथळ पाण्याचा फायदाच गेला.

घरगुती बोटी फसतात त्या इनटेकपाशी. इनटेकच्या सरळ पुढे कणा, पट्टी, वेल्डचा उंचवटा, काहीही नको. त्यामागे हवेचे बुडबुडे तयार होतात आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. इंजिन भुंकतं, आरपीएम वर जातात, बोट जागची हलत नाही. लोक इम्पेलर, म्हणजे पंपाचा फिरता पंखा, बदलत बसतात, दोष तळाला असतो. इनटेकच्या पुढचा तीन-चार फुटांचा पट्टा ग्राइंडरने गुळगुळीत करा. तीच लक्षणं इनटेक आणि तळ यांच्या फटीतून हवा शिरली तरी दिसतात, म्हणून तिथे मरीन सीलंट भरून मगच बोल्ट आवळा.

इम्पेलर आणि त्याभोवतीचं बदलता येणारं कडं, म्हणजे वेअर रिंग, यांच्यातली फट अर्ध्या मि.मी.च्या आत असावी. एकच्या पुढे गेली की रिंग बदला. वाळूत ती भराभर झिजते. कातळासाठी तळाला ८-१० मि.मी. यूएचएमडब्ल्यू प्लास्टिकची शीट लावा, दगडावरून घसरते. तिची पुढची कड तासून तळाशी सपाट मिळवा, नाहीतर वर सांगितल्यासारखीच पंपात हवा शिरेल.

पाणी_बघून
सांगाड्यापेक्षा चालवण्याबद्दल. प्लेनवर असताना अशी बोट १०-१२ सें.मी. पाण्यावरून जाते. थांबली की तिलाच २५-३० लागतात. निघताना मागचा भाग दबतो आणि पंप नदीच्या तळातले गोटे ओढतो, म्हणून निघायला गुडघ्याच्या वर पाणी हवं. धारेत थांबायचंच नाही. डोहातून डोहात जायचं. थ्रॉटल सोडला की स्टिअरिंगही गेलं. दगड दिसला की हात आपोआप थ्रॉटल सोडतो आणि बोट थेट त्यावर जाते. थोडा गॅस ठेवूनच वळवा.

एव्हरेस्टवीर एडमंड हिलरींची १९७७ची मोहीम जेट बोटींनी गंगा चढत नंदप्रयागपर्यंत गेली, अडवलं ते धबधब्याने. तिथे जलपर्णी नव्हती! कल्याणकडे मोहन्याच्या बाजूला उन्हाळ्यात ती काठोकाठ असते. तिची मुळं, प्लास्टिक पिशव्या, जाळ्यांचे दोर पाच मिनिटांत इनटेक बंद करतात. इनटेकच्या जाळीला आतून उघडता येणारं झाकण आणि खालचा कचरा झटकणारा लिव्हर ठेवा. हात घालण्याआधी इंजिन बंद आणि किल कॉर्ड (निघाला की इंजिन बंद पाडणारा दोर) काढलेला, दरवेळी.

पातळीचा अंदाज एका दिवसावरून बांधू नका. भिवपुरीच्या वीजगृहाचं पाणी या नदीत येतं, वीजनिर्मितीप्रमाणे ती वर-खाली होते. सकाळी गेलात तिथून दुपारी परतता येईलच असं नाही.

नोझल_ठाणे
इंजिनचं कूलिंग नळाच्या पाण्याने आतून धुताना क्रम: आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. गाळासाठी कूलिंगच्या नळीत एक सेडिमेंट बाउल टाका, पारदर्शक म्हणजे भरलेला दिसेल. बंद इंजिनखोलीत वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर लागतोच, स्टार्टर मारण्याआधी चार मिनिटं चालवा. तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ दिसत नाही.

पाणी_बघून
एक राहिलं. इंजिन लावलेल्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ लागतो. पत्रा कापण्याआधी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे ड्रॉइंग दाखवा, नंतर सर्व्हेत तळ उसवायला लागू नये. बारवीच्या जलाशयाचा विचार सोडा, ते पिण्याचं पाणी आहे. चाचणीसाठी ठाणे खाडीही नको: ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो अभयारण्य, आणि ओहोटीला चिखल असा की पंपात सिमेंटच.

बदलापूर_काठ
पंपसेट शेतावरच राहू दे मग. ११ फुटीत इंजिन किती पुढे बसवायचं?

टिग_वेल्डर
पंप मागच्या फळीला टेकलेला असणार, त्यामुळे इंजिनची जागा शाफ्टच ठरवतो. वजन पुढे न्यायचं तर टाकी आणि बॅटरी न्या. पाण्यात सोडून, माणूस बसवून बघा आणि मगच त्यांचे ब्रॅकेट पक्के करा.